अमेरिकेची डॉक्टरीण

गळ्यात थायरॉइडच्या मागच्या बाजूला चार बारीक ग्रंथी असतात, साधारण तांदळाच्या दाण्याएवढ्या. त्यांना पॅराथायरॉइड म्हणतात. रक्तातलं कॅल्शियम सांभाळणं हे त्यांचं काम. आंधळगावच्या आमच्या घरात, वरच्या खोलीत बसून मी दिवसभर या ग्रंथींच्या आजारांना कोड लावते. अमेरिकेतल्या कुठल्याशा दवाखान्यात डॉक्टर पेशंटला तपासतो, काय झालं ते लिहितो, आणि ते वाचून मी ठरलेला कोड टाकते. ग्रंथीच मुळात बिघडली असेल तर E21.0. किडनीमुळे बिघडली असेल तर N25.81. ऑपरेशननंतर मंदावली असेल तर E89.2. त्या कोडवर तिकडची विमा कंपनी बिल पास करते. मी पेशंटचं तोंडही पाहत नाही, नाडी तर दूरच राहिली.

पण आईला हे पटवणार कोण? तिच्या हिशोबानं दिवसभर आजारांची नावं वाचणारी पोरगी म्हणजे डॉक्टरच. धानाला पाणी द्यायला निघालेल्या बायांना ती वाटेत थांबवून सांगायची, "माही पोरगी अमेरिकेची डाक्टरीन हाये. घरूनच पेशंट पाहते." मग त्या बाया प्लास्टिकच्या पिशवीत रिपोर्ट घेऊन दारात यायच्या. मी म्हणायची, मला यातलं सांगता येत नाही, दवाखान्यात जा. त्या जाताना एकमेकींकडे बघायच्या. पोरगी शिकली आणि भाव खायला लागली, असंच त्यांना वाटत असणार. मला बघायला आलेल्या पाहुण्यांसमोरही आईनं हेच सांगितलं होतं. पाहुण्यांपैकी एकानं विचारलं, "प्रॅक्टिस कुठं आहे?" मी चहाचा ट्रे घेऊन उभी, आणि जमीन काही दुभंगत नव्हती.

त्याच सुमारास आईची हाडं दुखायला लागली होती. त्यात नवल काय? जन्मभर चिखलात वाकून धानाची रोवणी केलेल्या बाईची हाडं दुखणारच, असं सगळेच म्हणत. मग मुतखडा झाला. तहान वाढली. बसल्या जागी डोळ्यांत पाणी यायला लागलं, कारण विचारलं तर तिलाही सांगता यायचं नाही. मुतखड्याच्या वेळी रक्त तपासलं होतं, त्यात कॅल्शियम जास्त होतं. तो कागद मी दोनदा वाचला. असेच कागद मी रोज वाचत होते. फक्त त्यांवर आईचं नाव नसायचं.

आता आमच्या धंद्याचा नियम सांगते. डॉक्टरनं लिहिलं नसेल तर त्या आजाराचा कोड आम्ही लावायचा नाही, मग रिपोर्टमधला आकडा कितीही चढलेला असो. फार तर डॉक्टरला प्रश्न पाठवायचा, आणि त्या प्रश्नात आजाराचं नाव सुचवायचं नाही. 'या आकड्याचा अर्थ कृपया स्पष्ट करावा', बस. डॉक्टरच्या तोंडात उत्तर घातलं की आमची कानउघाडणी ठरलेली. इतकी वर्षं हेच केल्यावर ते अंगातच मुरतं.

आईला घेऊन भंडाऱ्याच्या डॉक्टरकडे गेले. तिथं बसल्या बसल्या आईनं सुरू केलं, "साहेब, माही पोरगी बी डाक्टरच हाये. अमेरिकेची."

डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "असं का? एमबीबीएस कुठून केलं?"

"नाही, मी... बीएससी. कोडिंग करते."

"काय करता?"

"बिलांसाठी कोड."

ते हसले. वाईट हसले नाहीत, पण हसले. माझे कान तापले. आईकडे बघायची हिंमत नव्हती. अशा वेळी माणूस जे पाठ आहे तेच बोलतो. मी म्हणाले, "सर, या कॅल्शियमचा अर्थ काय असेल?"

"थोडं वर आहे. पाणी कमी पडत असेल. पुढच्या वेळी पुन्हा करू."

त्या ग्रंथीचं नाव माझ्या जिभेवर होतं. एका शब्दाचा प्रश्न होता. पण आत्ताच मी डॉक्टर नसल्याचं उघडं पडलं होतं, आणि वर त्यांनाच शिकवायला जायचं? मी कागद उचलले आणि बाहेर आले.

घरी परतताना मोहाडीच्या गाडीत बसल्यावर माझा सगळा राग आईवर निघाला. "काहून बोलतेस तू लोकांसमोर? डॉक्टरसमोर तरी तोंड बंद ठेवत जा. मले लाज वाटते तुझी." आजूबाजूचे ऐकत होते. आईनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि खिडकीबाहेर बघत राहिली. मला वाटलं, बरं झालं, एकदाचं समजलं.

त्यानंतर घर शांत झालं. दारात रिपोर्ट यायचे बंद झाले. आई दुखतंय हेही फारसं बोलेना, आणि मी त्याला बरं वाटणं समजले. मला काम बरंच होतं. ती भिंतीला धरून उठते हे मला दिसत नव्हतं असं नाही. दिसत होतं.

पुन्हा मुतखडा झाला तेव्हा ती अंगणात वेदनेनं वाकून बसली होती आणि तोंडातून आवाज काढत नव्हती. त्याच डॉक्टरकडे गेलो. या वेळी आत शिरताच मी म्हणाले, "सर, मी डॉक्टर नाही. पण हिची पॅराथायरॉइडची तपासणी करा." डॉक्टरांनी जुना रिपोर्ट मागितला, नव्याशी ताडून पाहिला, आणि लिहून दिलं. लिहिता लिहिता म्हणाले, "तुम्हाला माहीत होतं तर मागच्या वेळीच का नाही बोललात?" आई शेजारी बसून हाताच्या बांगड्यांकडे बघत होती.

एक ग्रंथी वाढून मोठी झालेली निघाली. नागपूरला ऑपरेशन झालं, चांगलं झालं. सर्जननं बजावलं होतं की ओठांना, बोटांना मुंग्या आल्या तर लगेच सांगा, कॅल्शियम एकदम खाली जाऊ शकतं. मला ते बजावायची गरजच नव्हती. मी तर त्याचाही कोड सांगितला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टरनं विचारलं, "काकू, मुंग्या-बिंग्या?" आईनं मान हलवून नाही म्हटलं. मीही विचारलं. तिनं पुन्हा मान हलवली. मी चहा ओतून कप तिच्या हातात दिला आणि तो सरळ चादरीवर पडला. तिची बोटं ताठ होऊन आत वळली होती, अंगठा तळहातात रुतला होता.

"आई, कधीपासून हे?"

"पहाटपासून. ओठ बी बधिर हायेत."

"मंग सांगितलं काहून नाही?"

ती हळूच म्हणाली, "इथं सारे मोठे डाक्टर. मी काई बोलली का तुले लाज वाटते. म्हनून चूप रायली."

मी धावत जाऊन सिस्टरला आणलं. काय बोलले ते आठवत नाही, आख्खा वॉर्ड बघत होता एवढं आठवतं. सलाइनमधून हळूहळू कॅल्शियम दिलं. मी तिचा हात धरून बसले होते. एकेक बोट सैल पडत गेलं आणि मला मान वर करवेना. स्वतःची एवढी लाज मला कधी वाटली नव्हती.

सर्जन राउंडला आले. खाटेशी वाकून त्यांनी विचारलं, "काकू, आता कसं वाटतंय?"

आईनं तोंड उघडलं आणि मिटलं. मग तिनं माझ्याकडे पाहिलं.

"सांगू काय?" तिनं मला विचारलं.