न वाचता केलेल्या सह्या

आमच्या घरात एक नियम होता. कुठल्याही कागदावर सही करण्याआधी तो मोठ्यानं वाचायचा. वडील परतूरला चळवळीची पत्रकं छापून घ्यायचे आणि त्यांची प्रुफं मी तपासायची. दहावीपर्यंत माझ्या चष्म्याचा नंबर मायनस आठ झाला.

"लेसर करून घे, मंग बघ कशी स्थळं येतात," आत्या म्हणायची. स्थळांसाठी डोळे कापून घेणारी मी नव्हे. माझं कारण वेगळं होतं.

वडीगोद्रीच्या रास्ता रोकोत पळापळ झाली. माझा चष्मा पडला आणि सगळ्यांचे चेहरे पुसले गेले. मी वडिलांचा हात धरून रस्त्याच्या कडेला आले. कोरडा, खरबरीत हात. "बाबा, थांबा ना," म्हटलं. तेवढ्यात वडिलांचा आवाज समोरून आला, "कुठं गेल्ती तू?" मी वळले तेव्हा हात सुटला होता. तो कोणाचा होता, कधीच कळलं नाही.

पुन्हा तसं व्हायला नको, म्हणून मी लेसरसाठी जालन्याच्या एका दवाखान्यात गेले. थेंब टाकून आम्हा पाच-सहा जणांना बाकावर बसवलं. थोड्या वेळानं प्रत्येकाच्या डोळ्यात नुसती काळी बाहुली उरली. भरदुपारी खोली पांढरीफटक दिसत होती. सिस्टर संमतीपत्रं घेऊन आल्या. त्या बोट ठेवतील तिथं एकेक जण सही करत गेला. अक्षर कोणालाच दिसत नव्हतं.

मी चष्मा काढला, कागद नाकाला लावला. प्रुफं मी अशीच वाचायची. मायनस आठच्या उघड्या डोळ्यांना, थेंब टाकले तरी, इतक्या जवळचं मुंगीएवढं अक्षरही लख्ख दिसतं. तळाशी छापलं होतं, 'मी हे सर्व वाचले आहे.'

"जल्दी करा, ताई. वकील हाय का तुम्ही?" सिस्टर म्हणाल्या.

"न्हाई. पण वाचणार, तेही मोठ्यानं."

"वाचा, वाचा. आमाला बिलकुल दिसून न्हाई राह्यलं," शेजारून कोणीतरी म्हणालं.

'क्वचित दृष्टी कायमची कमी होऊ शकते' इथं मी आले आणि मान वर केली. पुन्हा एकाही माणसाला चेहरा नव्हता. तेवढ्यात माझा मोकळा हात कोणीतरी धरला. कोरडा, खरबरीत हात.

"कोण?"

मी घाईनं चष्मा चढवला. सगळ्यांचे हात आपापल्या मांडीवर होते.

दोघं उठून सिस्टरकडे सही केलेले कागद परत मागू लागले. मी माझा बिनसहीचाच परत दिला. घरी जाताना चष्म्याला काळी दोरी घेतली. ती अजून गळ्यात आहे.