मुठीतला स्क्रू

लिहायची माझी लायकी नाही, म्हणून आधीच माफी मागतो. आमच्या घरात आजवर कोणी सहीपलीकडे काही लिहिलेलं नाही. पण हे सांगितल्याशिवाय चैन पडत नाही.

फोपनारला आमच्या घरी एक गंजकी तलवार आहे. दसऱ्याला तिची पूजा होते, बाकी वर्षभर ती धान्याच्या कोठीमागे असते. यंदा काका म्हणाले, "जत्रेतली नकली आहे ती." दादांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, चेहरा उतरला. साऱ्या गावाला त्यांनी ती पणजोबांची म्हणून सांगितलेली. मी बुऱ्हाणपूरला कॉलेजात इतिहास शिकतो. दादांनी आयुष्यात पहिल्यांदा मला काही विचारलं.

"बेटा, तू शिकलेला. असली का नकली, एकदाचं सांगून टाक."

खरं उत्तर "माहीत नाही" एवढंच होतं. पण दोन वर्षं शिकून तसं कसं म्हणणार? कॉलेजच्या सरांना फोटो पाठवला. चार दिवस उत्तर नाही. मग मीच भिंग घेऊन बसलो. मुठीत स्क्रू सापडला.

"दादा, जुन्या काळी मूठ लाखेनं बसवायचे. स्क्रू आहे म्हणजे नकली."

आतून आई म्हणाली, "शिकवा अजून."

मी घाईनं सावरलं, "नकलेलाही किंमत असते, दादा. फक्त नक्कल म्हणून सांगायची."

"म्हणजे गावाला सांगू, ही पणजोबांची नक्कल?"

मला फार वाईट वाटलं. म्हणून (इथून पुढचा दोष सगळा माझा) मीच सुचवलं, नकलीच आहे तर निदान चमकू दे. शाहपुरात मोटरसायकलचे सायलेन्सर चकचकीत करणारा एकजण आहे. त्यानं तलवार हातात तोलली.

"भैया, पातं भारी वाटतंय. पक्कं घासू ना?"

"घासा," मी म्हणालो. "माझा इतिहास विषय आहे."

त्यानं यंत्रावर धरून गंज, डाग, खाचा सगळं उतरवलं आणि वर निकेलचा मुलामा चढवला. दसऱ्याला तलवार अशी लखलखली की आईनं तिच्यात बघून टिकली नीट केली. दादांनी पात्याला कुंकू लावलं, ते ठरेना.

तिसऱ्या दिवशी सरांचा मेसेज आला. ते परगावी होते. "मूठ नंतर बदललेली दिसते, तसं सर्रास होत असे. पातं मात्र अस्सल आणि फार जुनं. गंजाखाली पोलादातल्या लाटा दिसताहेत, तीच त्याची ओळख. कृपया कोणाला घासू देऊ नका."

दादांना वाचून दाखवला.

"म्हणजे पणजोबांचीच होती?"

"हो."

"अन् आता पाहून कोणी असली म्हणेल?"

"नाही."

दादांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "मग तू चुकला नाहीस, बेटा. जरा लवकर सांगितलंस, एवढंच."