मुंबई, आणि दोन गाठी

मुंबई बघायला म्हणून आम्ही गेलोच नव्हतो, हे आधीच सांगून टाकते. पण नळदुर्गशेजारच्या आमच्या जळकोटात परतल्यापासून जो भेटतो तो विचारतो, "काकू, काय काय बघितलं?" एकेकाला सांगून माझा घसा बसला. म्हणून लिहिते, आता वाचा आणि मला सोडा.

आमच्या ह्यांच्या उजव्या हातातला जोर दिवाळीपासून कमी झाला होता. चालताना पाय ओढायचे. सोलापूरच्या डॉक्टरांनी डोक्यात गाठ असावी असं सांगितलं आणि मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात जायला लावलं. कापडाचं दुकान दिरांच्या हवाली केलं, कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बांधून घेतली आणि नळदुर्गच्या नाक्यावर बसमध्ये चढलो.

सकाळी डोळा उघडला तेव्हा बस एका लांबलचक पुलावर होती. खाली काळपट पाणी, कडेला चिखल, आणि असला वास की मी पदर नाकाला लावला. हे काचेला नाक लावून बसलेले.

"समुद्र एवढासाच?" ह्यांनी विचारलं.

पुढच्या सीटवरचा माणूस हसला. "काका, ही खाडी आहे. समुद्र अजून पुढं."

"तरीच म्हणलं. आमच्या बोरी धरणात ह्याच्यापेक्षा बरं पाणी असतंय."

त्यांचं असंच. साऱ्या जगाला नळदुर्गचं माप लावायचं. बासष्टाव्या वर्षी पहिल्यांदा मुंबईला आलेला माणूस, पण तोंड बंद म्हणून नाही.

दवाखान्यात ते डोक्याचा फोटो काढायचं यंत्र होतं. अंगावर लोखंड, चांदी, सोनं काही चालत नाही. ह्यांनी घड्याळ काढलं, अंगठी काढली, कमरेचा करदोडा काढला. मग यंत्रावरचा मुलगा म्हणाला, "काका, ते लॉकेट पण काढा."

"लॉकेट न्हाय ते," हे म्हणाले.

ते लिंग होतं. आमच्यात प्रत्येकाच्या गळ्यात असतं, बाईच्यासुद्धा. चांदीच्या करडगीत (लिंग ठेवायची छोटी डबी) ठेवून दोऱ्यात बांधलेलं. रोज पूजेला दोरा सोडून ते आपल्याच डाव्या तळहातावर घ्यायचं आणि पूजा झाली की आपणच परत बांधायचं. जिवंतपणी ते अंगावेगळं होत नाही. माणूस गेला की त्याला बसवून माती देतात, तेव्हा दुसरा कोणीतरी तो दोरा सोडतो आणि लिंग त्याच्या तळहातावर ठेवतो.

मी म्हटलं, "अहो, चांदीची डबी काढून नुसतं फडक्यात बांधूया." त्या मुलानं मान हलवली. आत काहीच चालणार नाही म्हणाला. ह्यांनी लिंग मुठीत धरलं आणि खाटेवरून खाली उतरले. मी आर्जव केलं, मग भांडले, शेवटी रडले. एवढ्या लांब येऊन हा माणूस दोऱ्यासाठी अडून बसतोय म्हटल्यावर माझं डोकं नुसतं पेटलं होतं. मुलगा बिचारा चांगला होता. "उद्या सकाळी या, काका. रात्रभर विचार करा," एवढंच म्हणाला.

बाहेर फुटपाथवर उभे राहिलो. मी तोंड फिरवलं होतं. हे म्हणाले, "दिवस मोकळाच हाय. समुद्र तर बघू."

"बघा. मी पण बघते तुमच्याकडं."

टॅक्सीवाल्यानं गेटवेला सोडलं. समुद्राकाठी उभी ती भली मोठी पिवळसर दगडाची कमान, समोर बोटी, आणि कबुतरं इतकी की पाय कुठं ठेवावा कळेना. समुद्र मात्र खरंच समुद्र होता, त्यात वाद नाही. ह्यांनी त्याच्याकडं घटकाभर बघितलं आणि मग कमानीच्या खाली जाऊन दोन्ही बाजूंचे दगड चाचपायला लागले.

"काय शोधताय?"

"दाराची खाच. दरवाजा म्हणतेत ना ह्याला? मग दार कुठंय? अडसर कुठं घालत होते?"

बाजूला नाशिककडचं एक कुटुंब उभं होतं, त्यातल्या बाई खुदकन हसल्या. "अहो आजोबा, हा नुसता शोभेचा आहे."

"शोभेचा दरवाजा!" ह्यांना पटेना. नळदुर्गच्या किल्ल्याच्या दरवाजात लहानपणापासून खेळलेला माणूस. दरवाजा म्हटलं की लाकडी फळ्या, हत्तीनं धडक देऊ नये म्हणून खिळे, मागं अडसर. "शत्रू आला तर कसं करायचं? या म्हणायचं व्हय?" मला हसू आलं. सकाळपासूनचा राग थोडा उतरला, खोटं कशाला सांगू.

तेवढ्यात गळ्यात कॅमेरा अडकवलेला फोटोवाला आला. लगेच छापून देतो म्हणाला. समोरच्या मोठ्या हॉटेलचा घुमट दिसतो ना, त्याचं टोक चिमटीत धरल्यासारखा फोटो येतो. "काका, उजवा हात वर करा. अजून वर. अजून थोडा."

हात वर आलाच नाही. छातीपर्यंत आला आणि तिथंच थरथरत राहिला. ह्यांनी दात आवळले, मान वाकडी केली, खांदा उचलला, पण हात काही पुढं जाईना. घरी मी बघत होते तेव्हा पेला उचलायचे, बटण लावायचे. कसं करत होते देव जाणे. असं एका जागी उभं राहून हात वर करायला कोणी सांगितलंच नव्हतं.

"डावा चालतो का?" ह्यांनी विचारलं.

"चालतो की!"

डाव्या हाताचा फोटो आला. घुमट बरोबर चिमटीत सापडलाय. हे हसलेत. फोटो कपाटात ठेवलाय, कोणाला दाखवत नाही.

दुपारी फोर्टातल्या एका उडप्याच्या हॉटेलात जेवलो. तिथला वाढपी दुसऱ्या वाढप्याशी कन्नड बोलत होता. ह्यांचे कान टवकारले. "याव ऊरु? (कोणतं गाव?)" ह्यांनी विचारलं आणि तो गडी उडालाच. कुंदापूरकडचा निघाला. आमचं सीमेवरचं कन्नड वेगळं, त्याचं वेगळं, तरी दोघं असे बोलत सुटले की मागच्या टेबलावरचं सांबार थंड झालं. त्यानं ह्यांना जास्तीचं तूप वाढलं. जेवताना मी ह्यांचा भात कालवून दिला. त्यानं ते बघितलं आणि काही न विचारता चमचा आणून ठेवला.

मग बोरीबंदर स्टेशनची इमारत बघितली. रस्त्याच्या पलीकडून बघावी लागते, इतकी उंच. मधोमध घुमट, कळस, आणि दगडात कोरलेले सिंह, मोर, माकडं, पानं. "एवढं कोरायला किती जणांचे हात गेले आसतील गं," हे म्हणाले. 'हात' म्हणताना जरा थांबले. मी रस्ता ओलांडायची घाई केली.

विद्यापीठाच्या उंच टॉवरवरची घड्याळं टॅक्सीतूनच बघितली. उतरायचं त्राण ह्यांच्यात नव्हतं. शेवटी टाऊन हॉल म्हणून एक पांढरी इमारत लागली. जाडजूड खांब आणि पुढं रुंदच रुंद पायऱ्या. पोरं पायऱ्यांवर बसून गप्पा मारत होती. ह्यांनी वर बघितलं. "चढायचं न्हाय मला," म्हणाले आणि सर्वात खालच्या पायरीवर बसले. मी शेजारी बसले आणि परत सुरू केलं. उद्या काय करणार आहात? देव काय म्हणतो का, की माझा दोरा सोडू नकोस आणि मरून जा?

"देवाचं न्हाय गं ते," हे म्हणाले.

"मग कशाचं?"

ह्यांनी गळ्यातला दोरा चाचपला. मग रस्त्याकडं बघत बोलले, "महिना झाला, म्या दोरा सोडलेला न्हाय. पूजेला दार लावून नुसता बसतो. एकदा सोडला होता, तर परत बांधता येईना. एका हातानं गाठ बसत न्हाय. दातानं धरून कशी तरी बांधली. तवापासून भ्या वाटतंय. उद्या सोडला आन् परत बांधलाच न्हाय गेला तर?"

जन्मभर कापडाचे गठ्ठे बांधलेला माणूस. सुतळीची अशी निरगाठ मारायचा की गिऱ्हाईक घरी जाऊन कात्री शोधायचं. तो दार लावून गाठीशी झटत होता आणि मी स्वयंपाकघरात 'आज पूजेला फार वेळ लागला' म्हणून कुरकुरत होते.

"मी बांधीन की!" मी ओरडलेच. वरची पोरं बघायला लागली. "माझ्या गळ्यात काय आहे मग? मला बांधता येत नाही होय?"

"दुसऱ्यानं बांधायचं म्हणजे…"

"मी दुसरी?"

उठताना त्यांनी आपणहून माझा खांदा धरला. लग्नाला चाळीस वर्षं होत आली, रस्त्यात असं कधी धरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्या यंत्राच्या दारात मी ह्यांच्या गळ्यातला दोरा सोडला. गाठीवर दाताच्या खुणा होत्या. लिंग माझ्या डाव्या तळहातावर घेतलं आणि बाकावर बसून राहिले. पाणीसुद्धा घेतलं नाही. आतून ठोकल्यासारखा आवाज येत होता. बाहेर आल्यावर ह्यांनी पहिल्यांदा गळा पुढं केला, मग चपला शोधल्या.

डॉक्टरीणबाईंनी मला एकटीला आत बोलावलं. हळू आवाजात, नीट समजावून सांगितलं. गाठ अशा जागी आहे की हात लावता येत नाही. घरी न्या, गोळ्या द्या, जपा. किती दिवस, ते मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. बाहेर येऊन ह्यांना म्हटलं, "गोळ्या दिल्यात." हे म्हणाले, "बरं." आम्ही दोघांनी एकमेकांकडं बघितलं नाही.

परतीच्या बसमध्ये ते सारखं बाहेर बघत होते. खाडी आली तेव्हा म्हणाले, "संपली बघ तुझी मुंबई." नळदुर्गच्या नाक्यावर उतरलो तर ओळखीचे ढाबेवाले, ट्रकवाले विचारायला आलेच. ह्यांनी सगळ्यांना दार नसलेल्या दरवाजाची गोष्ट सांगितली. प्रत्येक वेळी जरा मोठी करून.

तर हे असं मुंबईदर्शन. इमारती मोठ्या आहेत, दगड चांगला आहे, माणसंही बरी भेटली. परत जायचं असेल तर जा, मला बोलवू नका.

आता रोज सकाळी मी दोरा सोडते, लिंग त्यांच्या तळहातावर ठेवते. बेलाचं पान मी वाहते, डोळे ते मिटतात. मग परत बांधते. काल बांधत असताना त्यांनी माझं मनगट धरलं. बोलताना आता जीभ जड होते, तरी सावकाश, एकेक शब्द नीट म्हणाले, "निरगाठ मारू नको गं. सुरगाठ मार, ओढली की सुटती. शेवटचं सोडायच्या वक्ताला तुझ्याच बोटांना तरास व्हईल."

मी निरगाठच मारली.