दार, कलिंगड आणि तोकुनागा-सान

तोकुनागा-सान एकतीस वर्षं टोकियोत संसदेच्या वरिष्ठ सभागृहाच्या दाराशी पहाऱ्याला होते. एवढ्या वर्षांत देशासाठी काय केलं म्हणाल, तर दार लावलं आणि उघडलं. आत बसणाऱ्या बहुतेकांच्या हातून तेवढंही झालेलं नाही. मी त्याच दाराच्या दुसऱ्या फळीशी उभा असायचो, म्हणून सांगतो.

नावानिशी मतदान सुरू झालं की दाराला कुलूप. शेवटच्या सभासदाची मताची लाकडी पट्टी मंचावर पडेपर्यंत आतला बाहेर नाही, बाहेरचा आत नाही. आतून पहारा देणाऱ्या आम्हालाही सूट नाही. सम्राट अधिवेशनाचं उद्घाटन करून दहा मिनिटांत परततात, त्यामुळे पुढे काय सोसावं लागतं ते त्यांना ठाऊक नसावं. मतदानाच्या दिवशी तोकुनागा-सान पहाटेपासून चहाला शिवत नसत. "तुमच्या लोकशाहीपायी मुतखडा होणार एक दिवस," त्यांची बायको साए म्हणायची.

विरोधी पक्षाचे हिराइवा-सेन्सेई (खासदारांना आम्ही सेन्सेई, म्हणजे गुरुजी म्हणतो), वय एकोणऐंशी, बैलचालीचे उस्ताद होते. बहुमत नसलं की विरोधक मत द्यायला जाताना मुंगीच्या पावलांनी जातात. विधेयक पडत नाही, पण रखडतं. सेन्सेई मंचापर्यंतच्या अकरा पावलांना पंचवीस मिनिटं लावायचे, आणि सगळ्या पक्षाला ही विद्या त्यांनीच शिकवलेली.

त्या जुलैत त्यांच्या गावाहून कलिंगडं आली. चौथी फोड खात ते सकाळी दाराशी आले.

"घ्या की तोकुनागा-सान. नियमात कलिंगडाला बंदी आहे का?"

"कलिंगडाला नाही, सेन्सेई. दाराला आहे."

एक वाजता कुलूप लागलं. सेन्सेईंनी सर्वांत आधी चालून विरोधाची निळी पट्टी दिली आणि टाळ्या घेतल्या. त्यांच्यामागे अडतीस शिष्य होते. नववा निघाला तेव्हा सेन्सेई घाम पुसत दाराशी आले.

"जरा उघडा. कलिंगड ऐकत नाहीये."

"मतदान चालू आहे."

"अहो, एका म्हाताऱ्यापायी राज्य बुडणार आहे का?"

"नियम तुम्हीच केलेत. माझ्याकडे नुसती किल्ली."

सेन्सेई वळून आपल्याच माणसांवर खेकसले, "पाय उचला रे, मेल्यांनो!" शिष्यांना वाटलं, गुरुजी परीक्षा बघतायत. ते आणखी हळू चालू लागले. समोरच्या बाकांवर हशा पिकला. मीही हसलो.

एकतिसावा शिष्य निघाला तेव्हा सेन्सेईंनी दोन्ही हात पुढे धरले. राखाडी पँटवरून ओल खाली उतरत होती. आम्हा दोघांखेरीज कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, पण दाराबाहेर कॅमेरेवाले ताटकळत होते. मला माझ्या हसण्याची लाज वाटली.

माझं एक बटण उघडं दिसलं तरी कान उपटणाऱ्या तोकुनागा-सानांनी गणवेशाचं जाकीट काढलं आणि सेन्सेईंच्या कमरेला पुढून गुंडाळून बाह्यांची गाठ मारली. सेन्सेईंनी मान वर केली नाही. सात शिष्य अजून चालायचे होते. तेवढा वेळ तोकुनागा-सान नुसत्या शर्टावर त्यांच्यापुढे आडवे उभे राहिले. सभापतींनी हुकूम दिला, तेव्हाच किल्ली फिरली.

'कामावर असताना गणवेश अपुरा' म्हणून लेखी ताकीद आली. एकतीस वर्षांतली ती एकमेव. साएने ती चौकटीत घालून चहाच्या डब्यांवर टांगली.

"त्यापेक्षा दार किलकिलं केलं असतं तर?" मी विचारलं.

"दार माझं नव्हतं," ते म्हणाले. "जाकीट माझं होतं."

जाकीटही तसं सरकारीच होतं.