शेवटच्या भागातलं धुकं

एप्रिलचा दुसरा रविवार. कुरडयांचा चीक शिजवायला घेतला होता. भिजवलेला गहू आदल्या दिवशी वाटून, गाळून, चीक पातेल्यात बसायला ठेवला होता. सकाळी वरचं पाणी ओतून दिलं की पुढे हे काम थांबवता येत नाही, चीक आंबतो. म्हणून मी आधीच बजावून ठेवलं होतं, मालिकेचा शेवटचा भाग आलेला असला तरी टीव्ही दुपारपर्यंत लागणार नाही. आधी कुरडया.

बजावलं ते दोघींना. एक माझ्या सासूबाई, दुसरी तळमजल्यावरची शेजारीण. शेजारीण निवृत्त शिक्षिका. तिच्या घरात देव नाहीत आणि भुतंही नाहीत, आणि हे ती मालिका चालू असताना वरचेवर सांगत असते. माझा नवरा आमच्यात नव्हता. तो पहिल्याच भागाला झोपला आणि पुढे त्याला कुणी बोलावलं नाही.

मालिका परदेशातली, हिंदीत डब केलेली. डोंगरातलं एक छोटं गाव. धुकं उतरलं की कुणाच्या तरी घरात, काल जिथे कोरी भिंत होती तिथे, एक दार उगवतं. त्या दारातून गेलेला माणूस परत येत नाही. गावातल्या पोलीस बाईचा धाकटा भाऊ लहानपणी असाच गेलेला, आणि ती अजून त्याला शोधते आहे.

सासूबाईंना यात काही नवल वाटलं नाही. त्यांचं उभं आयुष्य नांदगावकडे शेतात गेलं. आमच्याकडे इंदिरानगरला त्या सासरे गेल्यावर आल्या. पहिल्या भागातच त्यांनी निकाल दिला होता.

"या लोकांनी शिवंवरच्या देवाला कवा नारळ दिला नसंल. मग दारं निघत्याल नाय तर काय!"

"मावशी, त्यांच्याकडे नारळ मिळत नाहीत," शेजारीण म्हणाली.

"मग लिंबू कापा म्हणावं."

"अहो, हे सगळं कुणीतरी बसून लिहिलेलं असतं. खोटं असतं."

"खोटं हाय तर तू जिना चढून कशाला आली, मास्तरीणबाई?"

शेजारणीने टीव्हीचा आवाज वाढवला. ती दुसऱ्या दिवशीही आली.

आमच्या घरातला खरा प्रश्न मात्र वेगळा होता. सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टरांनी दिवाळीनंतरच सांगितलं होतं, लवकर काढून घ्या, जास्त दिवस ठेवला तर घट्ट होतो आणि मग काढणं अवघड जातं. सासूबाईंनी मान डोलावून सगळं ऐकलं आणि बाहेर येऊन चपला घालता घालता म्हणाल्या, "अजून पिकला नाय."

त्यांच्या आईच्या वेळी डॉक्टरच तसं सांगायचे, पिकला की या. ते यांनी मनात पक्कं धरलेलं. आता तसं राहिलेलं नाही हे मी सांगितलं, नवऱ्याने सांगितलं. पिंपळगावला द्राक्षाची बाग असलेल्या माझ्या दिरानेही फोनवर समजावलं, "आई, ते काय द्राक्ष आहे का पिकायला?"

"द्राक्षाचं तू मला नको शिकवू. घाईनं माल काढला तवा काय झालं? आंबटच निघाला ना?"

दिराने फोन ठेवला. माल खरंच आंबट निघाला होता.

दिसतं का नीट, असं विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं. "लय चांगलं दिसतं." जबरदस्तीने कुणाला ऑपरेशनच्या टेबलावर झोपवता येत नाही. मी अधूनमधून विषय काढायची, त्या तो परतवून लावायच्या, आणि दोघी आपापल्या कामाला लागायचो.

तर त्या रविवारी मी चीक शिजवला, शेजारणीने पातेलं गच्चीवर न्यायला हात लावला आणि सासूबाई सोऱ्या घेऊन बसल्या. कुरडई घालण्यात त्यांचा हात धरणारं आमच्या सोसायटीत कुणी नाही. सोऱ्या फिरवावा आणि गोल, सारखी, मधे भोक न पडता कुरडई उतरावी. त्या दिवशी मात्र कुरडया एकमेकींवर चढत होत्या. एक तर प्लास्टिकचा कागद सोडून थेट फरशीवर पडली.

"आई, कागद संपला."

"दिसतंय मला. चिमण्यांसाठी घातली ती."

शेजारीण हसली. मी ती कुरडई उलथन्याने खरवडून काढली.

दुपारी जेवणं उरकून, पडदे ओढून, कूलर लावून आम्ही बसलो. भाग चांगला होता, हे कबूल करायला हवं. दार या वेळी त्या पोलीस बाईच्याच स्वयंपाकघरात उगवलं, ओट्याच्या शेजारी. ती आत जाईल की नाही, यावर बराच वेळ गेला. गावकरी खिडकीबाहेर जमून ओरडत होते. सासूबाई त्यांच्या वरताण ओरडत होत्या, "जाऊ नको गं भवाने! आधी पदराला गाठ मार!"

"तिने पँट घातलीय, मावशी," शेजारीण म्हणाली.

मग ते ओरडणं थांबलं. मालिकेतलं धुकं हळूहळू विरलं आणि सगळ्या भागांत पहिल्यांदा त्या गावावर लख्ख ऊन पडलं. छपरं, झाडं, तळं, सगळं चकचकीत. दार आतून उघडलं. बाहेर कुणीतरी आलं. पोलीस बाईने त्याच्याकडे पाहिलं, आणि त्याने तिच्याकडे. एक शब्द नाही, मागे संगीत नाही. तेवढ्यावर नावांची पाटी सुरू झाली.

शेजारणीने तोंडावर हात ठेवला होता. माझ्याही हातातली सुपारी तशीच राहिली होती.

सासूबाई टीव्हीकडे तोंड करून वाट बघत होत्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "धुकं कवा हटायचं यांचं? काय दिसंना ते."

शेजारणीने माझ्याकडे पाहिलं. मी टीव्हीकडे पाहिलं. पडद्यावर आता काळ्यावर पांढरी अक्षरं वर सरकत होती.

"मावशी," शेजारीण शिक्षिकेच्या आवाजात म्हणाली आणि त्यांच्यासमोर हात धरला, "बोटं किती?"

"तुझी बोटं मोजाया मी काय पहिलीत हाय?"

मग माझ्या लक्षात आलं. या बाई महिनाभर ही मालिका नुसती ऐकत होत्या. आवाजावरून माणसं ओळखत होत्या, आणि मधेच "या गावाला ऊन म्हणून कसं ते ठाऊकच नाय" असं म्हणायच्या तेव्हा आम्हाला ती परदेशी हवेवरची टीका वाटायची. शेवटच्या प्रसंगात कुणी बोललं नाही, आणि त्यांची पंचाईत झाली.

"संपलं का? आत गेली का ती?" त्यांनी विचारलं.

"नाही गेली."

"मग?"

"आतून कुणीतरी बाहेर आलं."

"कोण? भाऊ का?"

मी टीव्ही बंद केला. "ते मी सांगणार नाही. डोळ्याचं करून घ्या आणि स्वतः बघा."

"अगं, म्हाताऱ्या माणसाची चेष्टा करती व्हय? मास्तरीणबाई, तू सांग."

शेजारीण चपला शोधायला लागली. "मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही, मावशी," एवढंच म्हणून ती खाली गेली.

त्यानंतरचे दोन तास सासूबाईंनी जंग जंग पछाडलं. आधी मुलाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, उठवलं. तो डोळे चोळत म्हणाला, "कोणती पोलीस बाई?" त्यांनी त्याला परत झोपायला सांगितलं. मग उरलेल्या चिकात दूध-साखर घालून वाटी भरली आणि भिंत धरून तळमजल्यावर गेल्या. मी जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी राहून त्या नीट उतरतात का ते पाहिलं. परत आल्या तेव्हा वाटी रिकामी आणि तोंड फुगलेलं.

"खाल्लं आन गप बसली! दोघी मिळून माझ्या जिवावर उठल्या."

थोड्या वेळाने शेजारणीचा फोन आला. चीक अप्रतिम होता, मात्र शेवट आपल्या तोंडून फुटलेला नाही, असं तिने कळवलं.

संध्याकाळी मी गच्चीवर कुरडयांवर जुनं पातळ लुगडं पांघरत होते. सासूबाई वर आल्या आणि टाकीच्या कठड्यावर टेकल्या.

"पट्टी किती दिवस ठेवत्यात?"

"एखादा दिवस. मग थेंब टाकायचे."

"आन कच्चाच निघाला तर?"

"कच्चा-पक्का असं राहिलेलं नाही आता, आई. भिंगच नवं बसवतात."

"माझी नणंद अशीच गेली व्हती मोतीबिंदू काढाया. परत घरी आली ती दुसऱ्याचा हात धरून." त्यांनी पदराने गुडघा झटकला. तिथे काही लागलेलं नव्हतं. "तवा मी बी व्हते संगं. बाहेर थांबले व्हते."

इतक्या महिन्यांत हे त्या पहिल्यांदा बोलल्या. पिकण्याच्या गोष्टीमागे हे होतं तर. मी लुगड्याच्या चारही कोपऱ्यांवर विटा ठेवल्या. मग जे खरं होतं तेवढं सांगितलं.

"मला आत सोडणार नाहीत. पण दाराबाहेर बसेन. चहालासुद्धा जाणार नाही."

"चहाला जा. तुझं डोकं दुखतं चहाबिगर," त्या म्हणाल्या आणि कठडा धरून उठल्या. मी हात पुढे केला. एरवी त्या तो झटकतात. त्या दिवशी धरला.

सोमवारी सकाळी मी कुरडया उलट्या केल्या, कावळ्यांकडे लक्ष ठेवायला नवऱ्याला गच्चीवर खुर्ची टाकून दिली आणि शाळा बुडवायला बघणाऱ्या पोरांसारख्या "आज नको, उद्या जाऊ" म्हणणाऱ्या सासूबाईंना गाडीत बसवलं. डोळ्यांच्या दवाखान्यात नंबर लावला. उजव्या डोळ्याची तारीख घेतली, आणि काउंटरवरच्या मुलीने फाईल मिटायच्या आत डाव्याचीही विचारून घेतली.