दीपकचं बॅनर

कोकिळा माही शेजारीण. आमच्या दोघींच्या अंगणामधी तुराट्यांचा एक कूड, बाकी काही नाही. तिच्या घरातलं भांडण मले ऐकू येते अन् माह्या घरातलं तिले. तिचा मोठा लेक दीपक फौजेत. तो सुटीहून परत निंघाला की हिवरा आश्रमच्या स्टॉपवर ही सगळ्यायसमोर त्याचे जोडे पदरानं पुसे. मेहकरच्या एसटीत कोणी वर्दीवाला उभा दिसला तर उठून त्याले आपली जागा दे.

पण लढाईचं नाव काढलं की तिचं डोकं फिरे. मागच्या उन्हाळ्यात सीमेवर गोळीबार सुरू झाला अन् गावातल्या पोट्ट्यायनं पारावर फटाके फोडले. कोकिळा पिठाच्या हातानं तशीच गेली. "काऊन फोडता बे? तिकडं माहा लेक हाये. अन् पल्याडबी कोणाचा तरी असनच ना!"

एक पोट्टा म्हणे, "फौजीची माय असून अशा बोलता, काकू?"

"फौजीची माय हाये म्हणूनच बोलून राह्यली. तुह्या मायले काय जाते?"

मंग एक दिवस बातमी आली, दीपकच्या तुकडीवर गोळा पडला. त्याचा फोन बंद. खरं काय ते कोणालेच ठाऊक नव्हतं. पण आमच्या गावाले दम कुठं! ज्याच्या हाती मोबाईल त्यानं श्रद्धांजली टाकली. अविनाशचं बॅनरचं दुकान. त्यानं दुपारच्या आत भलंमोठं बॅनर छापून फाट्यावरच्या निंबाले बांधलं, 'वीर जवान दीपक अमर रहे'. दीपकच्या फोटोले हार, अन् खाली श्रद्धांजली देणाऱ्यायचीच तोंडं. कोकिळा सरपण घेऊन त्याच रस्त्यानं येत होती. मोळी पडली, अन् तिच्यावर तीबी.

संध्याकाळी दवाखान्यातून दीपकचाच फोन आला. जिता होता. डावा पाय गुडघ्यापासून गेला होता.

मले वाटलं, आता गाव नाचन. कायचं नाचते! मेलेल्यासाठी फुलं सांगितली होती, रथ सांगितला होता, साऊंड सांगितला होता. जिता दीपक कुबड्यायवर एसटीतून उतरला तवा स्टॉपवर आम्ही तिघंच. कोकिळा, तिचा धाकटा शिवम अन् मी. पानठेल्यावरचा एक जण म्हणे, "वाचला म्हणा." असा म्हणे की जसा पोरानं गावाले देल्ला शब्दच मोडला.

बॅनर कोकिळानंच सोडून आणलं होतं. सोयाबीन सोंगलं अन् पाणी झोडपाले लागलं, तवा तिनं ते सुडीवर टाकलं, सोंगलेला माल भिजू नये म्हणून. दीपक बाजेवर बसून आपल्याच हार घातलेल्या तोंडाकडं पाहे. "उलटं टाक ना माय," म्हणे.

"उलट्या बाजूनं पाणी झिरपते, बाबू."

अन् शिवम? तो पहाटे भरतीसाठी पळे. कोकिळानं त्याचे जोडे लपवले, तर अनवाणी पळाला. शेवटी ती दीपकले म्हणे, "तू तरी सांग ना रे त्याले."

"काय सांगू माय? मले उचलून आणताना माहा जोडीदार गेला. अशा लोकायमधी जाऊ नको म्हणू?" अन् तो रडाले लागला. तीबी रडली. मी कुडाच्या अल्याड उभी. दोष कोणाले द्यावा? आग लागो त्या लढाईले, चांगलीच लेकरं खाते!

परवा शिवमची निवड झाली. अविनाश हसत अंगणात आला. "काकू, शिवमचा फोटो द्या. अभिनंदनाचं बॅनर लावतो, आपल्याकडून."

म्या म्हणलं, आता ही खराटा घेऊन धावते. नाही धावली. आत गेली, फोटो आणला, त्याच्या हातावर ठेवला. डोळ्यात पाण्याचा टिपूस नाही.

"कापड जाड लावजो बाबू," म्हणे. "दीपकचं एकाच पावसाळ्यात फाटलं."