बेवारस

त्या बाईंना मी एकदाच पाहिलं, बिबवेवाडीतल्या एका गॅरेजात. पंचाहत्तरीच्या असाव्यात. त्यांच्या जुन्या गाडीचं चार्जिंग होत नव्हतं, बॅटरी सारखी उतरायची. म्हणून गाडी टेम्पोला दोर बांधून ओढून आणली होती. पुढच्या काचेवर त्यांच्या सोसायटीने कागद चिकटवला होता : ‘बेवारस वाहन. त्वरित हटवावे.’

मेकॅनिक म्हणाला, “आजी, हा जुना डायनॅमो काढून टाकू. नवा अल्टरनेटर बसवला की कटकट मिटली.”

“तुमची दाढ दुखली की तुम्ही डोकं बदलता का?” बाईंनी विचारलं. “आधी कुठं दुखतंय ते तर बघा.”

त्याने पट्टा तपासला, तो ठीक होता. मग डायनॅमो उघडला, तर आतले कार्बनचे ब्रश पार झिजलेले. ते बदलून होईपर्यंत बाई खुर्ची नाकारून मडगार्डवर हात ठेवून उभ्या होत्या, दवाखान्यात आपल्या माणसाजवळ उभं राहावं तशा. दुसरी बॅटरी जोडताच गाडी सुरू झाली. बाईंनी आत बसून जरा रेस केली आणि चार्जिंगचा लाल दिवा विझला.

मेकॅनिक खुशीत ओला फडका घेऊन तो कागद काढायला गेला.

“हात लावू नका.”

“अहो, पण समोरचं दिसेल का?”

“मला दिसतंय. आता सोसायटीला दिसू दे.”

गिअर टाकून त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. “मला मूलबाळ नाही, तेव्हा गाडीला वारस नाही हे त्यांनी खरंच लिहिलंय. मालकीण आहे.”